समुपदेशनाची नोंद त्याच दिवशी कशी पूर्ण करावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे एकामागून एक माणसे येत असतात, आणि नोंदी संध्याकाळवर ढकलल्या की दोघांची हकिकत सहज एकमेकांत मिसळते. म्हणून प्रत्येक भेटीनंतरची दहा मिनिटे वेळापत्रकातच राखून ठेवावीत.

नोंदीत तारीख, वेळ, सांगितलेला त्रास, आपले निरीक्षण, केलेली उपाययोजना आणि पुढची भेट एवढे यावे. ‘मन अस्वस्थ’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘तीन आठवड्यांपासून पहाटे तीनला जाग येते, जेवण एका वेळेवर आले आहे, बोलताना दोनदा रडल्या’ असे लिहिले, तर पुढच्या भेटीत फरक नेमका कळतो.

आत्महत्येचा विचार बोलून दाखवला असेल, तर मात्र जराही विलंब नको: योजना ठरली आहे का, साधन हाताशी आहे का, घरी कोणाला कळवले, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक दिला का, हे सारे त्या व्यक्तीला सुरक्षित हाती सोपवताच लिहावे.

धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत पाठवायचे असल्यास सारांश कन्नड किंवा इंग्रजीत द्यावा, पण महत्त्वाचे उद्गार मूळ मराठीतही ठेवावेत. उशिरा लिहिलेल्या नोंदीवर लिहिल्याचीच तारीख घालावी; मागची तारीख टाकणे सर्वस्वी गैर आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार व्यक्तीला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे, त्यामुळे तिने वाचल्यास अपमान वाटणार नाही, अशीच भाषा वापरावी.