सायकलने कामावर जाता? नागपूरच्या रस्त्यांवर या चुका टाळा

सायकलवरून रोज कामावर जाणाऱ्या माणसाला हळूहळू रस्ता पाठ होतो आणि नागपुरात नेमके हे पाठांतरच अंगाशी येते. मी मानेवाड्याहून नरेंद्रनगर, छत्रपती चौक आणि वर्धा रोड या मार्गाने सिव्हिल लाइन्सला जातो. अंतर फार नाही. पण मे महिन्यातला हा रस्ता, जुलैच्या झडीतला रस्ता आणि संक्रांतीच्या आठवड्यातला रस्ता हे तीन वेगवेगळे रस्ते आहेत, हे कळण्यासाठी मला तीन वेळा पडावे लागले. तिन्ही वेळा पडण्याची जागा ओळखीचीच होती. अनोळखी रस्त्यावर माणूस नजर खाली ठेवून जपून जातो, ओळखीच्या रस्त्यावर मात्र तो दिवसभराच्या कामांचा विचार करीत पायडल मारतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका याच सवयीतून होतात.

सिमेंटचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हा समज

गेल्या काही वर्षांत नागपुरातील पुष्कळ रस्ते सिमेंटचे झाले. डांबरी रस्त्यावरचा खड्डा लांबून दिसतो. सिमेंटच्या रस्त्यावरचा धोका बोटभर रुंदीच्या रेघेत लपलेला असतो. हा रस्ता एकसंध नसून त्याचे मोठाले चौकोनी तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये सांधे ठेवलेले असतात, कारण काँक्रीट उन्हाने फुगते आणि थंडीने आकसते. आडव्या सांध्यावरून चाक गेले तर नुसता ठक असा आवाज होतो. आपण ज्या दिशेने चाललो आहोत त्याच दिशेने धावणारा उभा सांधा मात्र सायकलस्वाराला पाडतो. त्यात भरलेला मसाला काही काळाने निघून जातो, थंडीत काँक्रीट आकसल्यामुळे फट आणखी रुंदावते आणि पातळ टायर तिच्यात अलगद उतरतो. माझे पहिले पडणे असेच झाले. डिसेंबरची सकाळ होती, मागून येणाऱ्या बसला वाट देण्यासाठी मी किंचित डावीकडे सरकलो आणि पुढचे चाक फटीत गेले. मी हँडल वळवून चाक बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, आणि हीच खरी चूक होती. चाक फटीच्या कडेला घासते, वळत नाही, पण अंगाचा तोल मात्र वळलेल्या दिशेला जातो.

असे चाक अडकले तर हँडल सरळ धरावे, मागचा ब्रेक हळूहळू लावून वेग संपवावा, पाय टेकवावा आणि मग सायकल उचलून बाहेर घ्यावी. फट ओलांडायचीच असेल तर ती शक्य तितक्या काटकोनात ओलांडावी आणि त्यासाठी आधी मागे पाहून जागा करून घ्यावी. नवी सायकल किंवा नवे टायर घेणाऱ्यांना माझे सांगणे असे की, आपल्या शहरात रोजच्या कामासाठी 35 मिलिमीटरहून कमी रुंदीच्या टायरच्या मोहात पडू नये. रविवारी पहाटे फुटाळ्याकडे किंवा सेमिनरी हिल्सकडे फेरी मारणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

सिमेंटच्या रस्त्याची कड हा दुसरा सापळा होय. मूळ रस्त्यापेक्षा तो उंच असल्यामुळे कडेला कधी दोन बोटांची, तर कधी वीतभर उंचीची पायरी तयार होते आणि तिच्यापलीकडे गट्टू बसवलेले असतात किंवा नुसती माती असते. वाहनांना घाबरून अगदी कडेने चालवणारा सायकलस्वार एकदा खाली उतरला की, तिरप्या चाकाने पुन्हा वर चढण्याच्या प्रयत्नात पडतो. कडेपासून हातभर नव्हे, तर चांगले मीटरभर अंतर ठेवून चालवणे अधिक सुरक्षित आहे, कारण त्यामुळे खड्डा चुकवायला दोन्ही बाजूंना जागा राहते आणि मागच्या वाहनचालकालाही आपण स्पष्ट दिसतो. गट्टूंचा भरवसा तर मुळीच धरू नये. केबलसाठी किंवा पाइपसाठी ते उखडले जातात, खाली नीट दाबून न घेता पुन्हा मांडले जातात आणि पहिल्या जोरदार पावसात तिथली माती खचते. परवापर्यंत चांगली असलेली जागा आज पोकळ झालेली असते. ताजी माती, नव्या डांबराची पट्टी किंवा रंगाने वेगळे दिसणारे गट्टू आढळले, की पावसाळाभर ती जागा संशयित धरावी.

रंगवलेल्या पट्ट्यावर विश्वास ठेवणे

केंद्र सरकारच्या 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' या उपक्रमात 2021 मध्ये जी अकरा शहरे विजेती ठरली, त्यांत नागपूरही होते. त्या काळात काही रस्त्यांवर सायकलसाठी वेगळी मार्गिका आखली गेली. आखलेली मार्गिका आणि मोकळी मार्गिका यांत किती अंतर असते, हे नागपूरकराला सांगायला नको. तिथे मोटारी उभ्या असतात आणि मोटार उभी असली म्हणजे तिचे दार केव्हाही उघडू शकते. त्यामुळे उभ्या मोटारीला खेटून जाऊ नये, दार पूर्ण उघडले तरी लागणार नाही इतके अंतर ठेवावे. शिवाय रस्त्यावरचा जाड रंग ओला झाला की निसरडा होतो. झेब्रा पट्ट्यांचेही तसेच आहे; त्यांच्यावर असताना वळू नये आणि जोरात ब्रेकही दाबू नये.

पावसाचा अंदाज जुन्या अनुभवावरून बांधणे

मृगाच्या पहिल्या सरीचे सगळ्यांना कौतुक असते, पण सायकलस्वारासाठी तीच सर्वांत वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, रबराची पूड आणि धूळ यांचा पहिल्या पाण्यात पातळ लेप तयार होतो. पुढे चांगला पाऊस पडला की तो वाहून जातो. म्हणून पहिल्या सरीत थांबण्याची सोय असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबणे हाच शहाणपणा. रिमवर दाबणारे रबरी ब्रेक ओले असताना लगेच पकडत नाहीत. रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत चाकाचे एक-दोन फेरे होतात आणि तेवढ्यात सायकल पुढे गेलेली असते. यासाठी चौक येण्याच्या बराच आधी ब्रेक हलकेच दाबून रिम कोरडी करून घ्यावी. पावसानंतर ब्रेक किंचाळू लागले तर पुष्कळ जण तिथे तेल सोडतात. असे कधीही करू नये. रबरात रुतलेले वाळूचे आणि धातूचे कण टोकदार वस्तूने काढावेत, रबराचा गुळगुळीत झालेला पृष्ठभाग काचकागदाने घासावा आणि रिम स्वच्छ कापडाने पुसून घ्यावी. बहुतेक वेळा आवाज जातो.

खरा प्रश्न साचलेल्या पाण्याचा आहे. नरेंद्रनगरचा रेल्वेखालचा पूल आणि सीताबर्डीजवळचा लोहापूल इथे जोरदार पावसात पाणी तुंबते, हे शहरात कुणालाही ठाऊक आहे. तरीही 'काल एवढ्याच पाण्यातून गेलो होतो' या हिशेबावर माणसे आत शिरतात. माझे दुसरे पडणे अशाच पाण्यातले, जरी त्या वेळी पाणी घोट्याइतकेच होते. पाणी लवकर ओसरावे म्हणून कुणीतरी गटाराचे झाकण बाजूला सरकवून ठेवले होते. चाक त्या कडेवर आपटले आणि मी पाण्यात बसलो. झाकण पुरते काढलेले असते तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. तेव्हापासून एक नियम पाळतो. रस्त्याचा तळ किंवा दुभाजकाच्या दगडाची खालची कड दिसत नसेल, तर पाण्यात उतरायचे नाही, मग समोरून स्कूटरवाले कितीही ऐटीत येत असोत.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूर विसरलेले नाही. काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचे पाणी अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंतच्या वस्त्यांत शिरले आणि माणसे दगावली. तेव्हा तर पावसाळा सरत आला होता. नागनदीच्या काठाने किंवा तिच्यावरच्या पुलांवरून ज्यांचा रोजचा रस्ता जातो, त्यांनी म्हणूनच फक्त आपल्या डोक्यावरचे ढग पाहून भागत नाही. पश्चिमेकडे, नदीच्या उगमाच्या बाजूला, रात्री किती पाऊस झाला हेही विचारले पाहिजे. पूर ओसरल्यावरही रस्ता पूर्वीसारखा राहत नाही. अंबाझरीच्या सांडव्यासमोरील पुलाचे काम पुढे सुरू झाले आणि तो रस्ता बराच काळ बंद राहिला. त्या दिवसांत तिथून जाणाऱ्या सगळ्यांनाच नवी वाट धरावी लागली.

पाण्यातून सायकल काढावीच लागली आणि पाणी चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत पोहोचले असेल, तर त्याच दिवशी चेन पुसून तेल द्यावे आणि पुढल्या काही दिवसांत दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. चाक फिरताना खरखर जाणवली तर बेअरिंगमधले ग्रीस धुऊन गेले असे समजून दुकान गाठावे.

उन्हाच्या बाबतीत चुकीच्या गोष्टीची भीती बाळगणे

मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणे नागपूरला नवे नाही. 23 मे 2013 रोजी तो 47.9 अंशांपर्यंत चढला होता. अशा दिवसांत लोक मला नेहमी विचारतात की, उन्हाने टायर फुटत नाही का? हवेचा हिशेब असा आहे. सकाळी 25 अंशांना 60 पीएसआय हवा भरली आणि टायर 45 अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे 65 पर्यंत जातो. धडधाकट टायरला एवढ्याने काही होत नाही. उन्हात फुटतो तो कडेने भेगाळलेला जुना टायर, किंवा ज्याच्या ट्यूबवर ठिगळांवर ठिगळे चढली आहेत तो. म्हणून नवतप्याच्या आधी टायरच्या बाजूंवर बारीक भेगा आहेत का, हे पाहावे. हवा कमी ठेवून चालवण्याचा उपाय तर उलटाच पडतो. कमी हवेच्या टायरची ट्यूब खड्ड्याच्या कडेवर रिममध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. पंक्चर काढताना अशी जोडभोके दिसली, तर काटा शोधत बसू नये. हवा कमी होती, एवढाच त्याचा अर्थ.

भीती बाळगायची ती स्वतःच्या शरीराची. सकाळी नऊपूर्वी पोहोचणे जमते. अडचण येते ती परतीच्या वेळी, कारण संध्याकाळी पाच वाजताही रस्ता आणि इमारती उष्णता सोडत असतात आणि वारा गरम असतो. तासाभराच्या प्रवासाला किमान अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते आणि ते निघण्यापूर्वीच प्यायला सुरुवात करावी. चक्कर, मळमळ किंवा डोके ठणकणे यांपैकी काहीही जाणवले तर 'आता दोनच किलोमीटर उरले' असे म्हणून पुढे रेटू नये. सावलीत थांबावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करावे, मीठ-साखर घातलेले पाणी घ्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा, लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

दुपट्ट्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. नागपूरच्या उन्हात दुपट्टा हवाच, यात वाद नाही. परंतु तो कानांवर घट्ट आणि गालांवर पुढे आला की मागून येणारे वाहन ऐकू येत नाही आणि कडेचे दिसत नाही. हेल्मेटखाली पातळ सुती दुपट्टा बांधावा, कान शक्य तितके मोकळे ठेवावेत आणि टोके आत खोचून टाकावीत. लोंबते टोक चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

संक्रांत झाली, मांजा संपला

नायलॉन मांज्यावर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये ती देशभर लागू केली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरी जानेवारीत गळे कापतात. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे झाडांवर आणि खांबांवर अडकलेला मांजा फेब्रुवारीतही वाऱ्याने खाली लोंबतो. या दिवसांत गळ्याला जाड कापडाचा पट्टा गुंडाळावा आणि पुलावरून जाण्याऐवजी खालचा रस्ता धरावा. मांजा अंगाला लागला असे वाटताच ब्रेक लावावा. हाताने ओढू नये, बोटे कापतात. माझे तिसरे पडणे याच मांज्यामुळे झाले, पण तो गळ्याला नव्हे, मागच्या चाकाला गुंडाळला गेला होता. दातेरी चाकाजवळ त्याचे वेटोळे बसले, पायडल आवळले आणि मी जोर लावत राहिलो. पायडल अचानक जड झाले तर जोर न लावता उतरावे आणि ब्लेडने धागा कापून काढावा.

सूर्य आणि दिवा

सेंट्रल अव्हेन्यू जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे आणि अमरावती रोड पश्चिमेला निघतो. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास सकाळी पूर्वेकडे किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य नेमका रस्त्याच्या टोकाशी असतो. तेव्हा आपल्याला दिसत नाही हे आपण मान्य करतो. मागच्या ट्रकवाल्यालाही आपण दिसत नाही, हे विसरतो. म्हणून मागचा लाल दिवा अशा वेळी भरदिवसाही लावावा. सूर्य पाठीशी असेल तर समोरून येऊन उजवीकडे वळणारा वाहनचालक आंधळा झालेला असतो, हेही लक्षात असू द्यावे. थंडीत साडेपाचनंतर अंधार लवकर पडतो, तेव्हा दिवा चार्ज करण्याचे काम सकाळीच उरकावे.

रात्री कुत्री मागे लागतात. वेग वाढवणे ही त्यावरची नेहमीची चूक. उतरून सायकल मध्ये धरावी आणि चालत पुढे जावे. बहुतेक कुत्री तेवढ्यावर नाद सोडतात.

बंद रस्त्यांची आठवण उशिरा होणे

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात लाखो लोक येतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागात मारबतींची मिरवणूक निघते आणि हिवाळी अधिवेशनात विधानभवनाभोवती कठडे लागतात. हे सगळे आधी कळते, तरी दर डिसेंबरात मी सिव्हिल लाइन्सच्या कुठल्यातरी कठड्याशी थबकलेले दोन-चार सायकलस्वार पाहतो. ते मग घाईने उलट दिशेने शिरतात, आणि अपघात तिथे होतो. त्यापेक्षा आदल्या रात्री पर्यायी वाट ठरवावी, किंवा सायकल घेऊन मेट्रोत बसावे. नागपूर मेट्रो डब्यात सायकल नेऊ देते; लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर आणि खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात. मुसळधार पावसाच्या संध्याकाळी मी छत्रपती चौकापर्यंत मेट्रोने येतो आणि नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी नाही, याची तिथल्या चहावाल्याकडे चौकशी करूनच पुढे सायकलवर बसतो.