सीआर झालात? आधी आवक क्रमांक समजून घ्या

प्रवेश आटोपले की सर वर्गावर येऊन विचारतात, "सीआर कोण होणार?" मागच्या बाकावरून कुणीतरी मित्राचं नाव ओरडतं, हशा पिकतो आणि निवड झालेली असते. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात हा सीआर, म्हणजे वर्ग प्रतिनिधी, गुणवत्तेवर नेमला जाई. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. पण तुम्ही कसेही निवडून आलात तरी काम तेच. पैसे मिळत नाहीत, गुणही वाढत नाहीत. रत्नागिरीत पदवीला असताना मी हे काम हौसेने केलं, त्यातलं उपयोगी पडेल तेवढं सांगते.

आपलं कॉलेज इथे आणि मुंबई विद्यापीठाचं मुख्य कार्यालय फोर्टला. रत्नागिरीत उपपरिसर आहे, तरी हॉलतिकिटावर नाव चुकलं की पोरं थेट मुंबईच्या गोष्टी करू लागतात. आधी प्रश्न कुणाच्या हातातला ते बघा. अंतर्गत चाचणी कधी घ्यायची हे कॉलेज ठरवतं, सत्र परीक्षेचे नियम मात्र विद्यापीठाचे. गणपतीत अर्धा वर्ग गावी असतो, म्हणून चाचणीच्या तारखांचं जुलैतच बोलून ठेवा. वेळापत्रक फलकावर लागल्यावर गेलात तर "आता बदलता येणार नाही" हेच ऐकाल, आणि तेही बरोबरच असतं.

एसटीचा प्रश्न तर प्राचार्यांचाही नाही. प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी सुटलेली असते. पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. पण गाडीच नसेल तर वडापला, म्हणजे खासगी गाडीला, पूर्ण पैसे मोजावे लागतात. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे लिहा, वर प्राचार्यांचं शिफारसपत्र जोडा. सोबत कोणत्या गावची किती मुलं, कुणाचा तास किती वाजता सुटतो याचा तक्ता द्या. "आमची फार गैरसोय होते" या वाक्याने गाडी हलत नाही, तक्त्याने हलू शकते.

कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्या. एक कार्यालयात ठेवा, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीतला क्रमांक, घ्या. टेबलावरच्या मॅडम "ठेवून जा, बघते" म्हणतील. हसून थांबायचं, पण पोच घेतल्याशिवाय निघायचं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. तारीखच नसेल तर हे दिवस मोजणार कुठून? या समितीवर विद्यार्थी प्रतिनिधीही विशेष निमंत्रित असतो. तो कोण आहे, हे कॉलेजला विचारायला लाजू नका.

पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली नाही तरी एखाद्या वाडीचा पऱ्या (ओढा) भरतो आणि तिथली दोन पोरं अडकतात. त्यांची गैरहजेरी त्याच दिवशी वर्गशिक्षकांना कळवा. सत्राच्या शेवटी ७५ टक्के हजेरीचा हिशोब निघतो, तेव्हा जुलैतला पाऊस कुणाला आठवत नाही. शिपाईमामांशी मात्र बारा महिने गोडीने वागा. प्राचार्य कधी मोकळे असतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

एका बाबतीत मात्र मध्यस्थी करायची नाही. रॅगिंग किंवा लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर "समज देऊ, मिटवून टाकू" म्हणू नका आणि वर्गाच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. त्या मुलीला किंवा मुलाला विचारून संबंधित समितीकडे सोबत जा. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

आणि ग्रुपचे अ‍ॅडमिन एकटेच राहू नका, सोबत दुसरं कुणीतरी घ्या. रात्री साडेअकराला "उद्या लेक्चर आहे का?" विचारणारा प्रत्येक वर्गात एक असतोच.