गॅजेट घेण्याआधी वर्षाचा हिशोब कसा मांडावा

फोन, लॅपटॉप किंवा टॅब्लेट घेताना नजर आधी सवलतीच्या आकड्यावर जाते. तो बाजूला ठेवा आणि या वस्तूवर रोज काय करणार आहात ते कागदावर लिहा. त्या यादीत न बसणाऱ्या फीचरचे पैसे मोजू नका.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच वगळली जाते: वस्तू किती वर्षं चालेल? फोनचं आयुष्य बरंचसं सॉफ्टवेअर अपडेटवर ठरतं. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. स्वस्त फोनांना सहसा याहून कमी वर्षं मिळतात. मेख अशी, की ही मुदत साधारणपणे मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतलं तेव्हापासून नाही. सेलमधल्या जुन्या मॉडेलची दोन वर्षं कदाचित आधीच सरलेली असतात.

आता भागाकार करा. समजा एका फोनची दोन वर्षांची अपडेट उरली आहेत. दुसरा दीडपट महाग, पण त्याची पाच वर्षं बाकी आहेत. पहिल्याचा वर्षाचा खर्च त्याच्या किमतीच्या ५० टक्के पडतो. दुसऱ्याचा, पहिल्याच्याच किमतीत मोजला तर, फक्त ३० टक्के. भागण्यापूर्वी चार्जर आणि कव्हरचा खर्च मिळवा, पुढे विकून जे हाती येईल ते वजा करा. (त्याचा अंदाज हात आखडूनच धरा.)

बॅटरी विसरू नका. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण ५०० ते १००० पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणून ती बदलायला किती पैसे लागतात हे आधीच विचारा. लॅपटॉपची रॅम (चालू कामापुरती मेमरी) बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, असेल तर नंतर वाढवता येत नाही. हवी तेवढी सुरुवातीलाच घ्या.

मग खोक्यावरचे आकडे तपासा. १०,००० एमएएचच्या (एमएएच म्हणजे बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) पॉवर बँकेतला आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरी-सेलचा असतो. फोनकडे वीज ५ व्होल्टने जाते तेव्हा तो ७,४०० वर येतो, आणि काही ऊर्जा उष्णतेत जाते ती वेगळीच. २०० मेगापिक्सेलचे कॅमेरेही बहुतेकदा १६ पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतात.

रिव्ह्यू वाचताना पहिल्या आठवड्यातलं कौतुक सोडून द्या. सहा महिने वापरलेल्यांच्या तक्रारी शोधा. एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली, तर ती वॉरंटीत बसते का ते पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.