दंडावर सेन्सर लावलाय, पण आकडे गोंधळात टाकतात? सीजीएम वापरताना या चुका टाळा

सीजीएम म्हणजे दिवसरात्र सतत साखर मोजणारं यंत्र. त्याचा दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही. त्याची बारीक तार कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते, आणि रक्तातला बदल तिथं पोचायला साधारण ५ ते १५ मिनिटं लागतात. एवढं ध्यानात ठेवलं की बराचसा घोळ टळतो.

ग्लुकोमीटरशी ताळा भलत्या वेळी घेणं

जेवून तासभर झालाय, साखर चढतेय, अशा वेळी बोटातून १९० आणि सेन्सरवर १६५ येणारच. ताळा घ्यायचा तो जेवणाआधी, स्क्रीनवरचा बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर असताना. तेव्हा १५-२० टक्के फरक आला तरी काळजी नको. नवीन सेन्सरचे पहिल्या दिवसाचे आकडे जरा वरखाली होतात, त्यावरून काही ठरवू नका.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. तासगाव भागात द्राक्षं खुडून किंवा बेदाणे निवडून आलेल्या बोटांवरची साखर स्ट्रिपवर उतरते, मीटर खोटाच मोठा आकडा दाखवतो आणि बोल मात्र सेन्सरला लागतो. उलट, व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही सेन्सर स्वतःच आकडा फुगवून दाखवतात. सेन्सरसोबतच्या पत्रकात हे दिलेलं असतं.

रात्रीचा ‘लो’ (साखर ७० च्या खाली) पाहून घाबरणं किंवा तो झटकून टाकणं

रात्री दोनला ग्राफ एकदम ६० च्या खाली आणि थोड्या वेळात परत ११० वर, असं दिसलं तर बहुधा तुम्ही त्याच कुशीवर झोपला होता. दंड दाबला की तिथला द्रव हलत नाही आणि आकडा खोटा पडतो. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावा. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल, घाम सुटला असेल, हातपाय थरथरत असतील, तर ‘खोटा असेल’ म्हणून झोपू नका. बोटातून तपासा.

लो झाल्यावर पेढा खाणं

साताऱ्यात घरात कंदी पेढा असतोच, म्हणून हात आधी तिकडे जातो. पण खव्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. ७० च्या खाली गेल्यावर सपाट ३ चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटं थांबा. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध असेल तर साधी साखर लवकर पचत नाही. घरात ग्लुकोज पावडर हवीच. १५ मिनिटांनी बोटातूनच तपासा. सेन्सर मागे असतो, तो अजून ६५ दाखवतो म्हणून माणूस आणखी खातो आणि तासाभरात २५० वर जातो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

एका ग्राफवरून पदार्थाला नावं ठेवणं

आहारासाठी सेन्सरचा खरा उपयोग इथं आहे, आणि सगळ्यात जास्त घाईही इथंच होते. एकदा भाकरी खाल्ली, २१० दिसले, भाकरी बंद! पण भाकरी किती मोठी होती? ५० ग्रॅम पिठात साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. मोठ्या दोन भाकऱ्या म्हणजे याच्या दुप्पट-तिप्पट. पीठ एकदा काट्यावर मोजा. तेच जेवण, त्याच वेळी, निदान तीन दिवस घ्या. मग एकच गोष्ट बदला: आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ, नंतर भाकरी. किंवा जेवण झाल्यावर १५ मिनिटं चाला. दोन तासांनी काय होतं ते लिहून ठेवा.

भडंग हलकं वाटतं, पण चुरमुरे झटकन साखर चढवतात. मूठभर घ्या, सोबत शेंगदाणे वाढवा. तर्रीदार मिसळीचं उलटं आहे. तेलामुळे पहिले दोन तास ग्राफ शांत राहतो आणि मग चढतो. ग्राफ सपाट आला म्हणजे पदार्थ तब्येतीला चांगला, असं मुळीच नाही. भजीचा ग्राफही कधी कधी छान दिसतो.

पहाटे उपाशीपोटी अजिंक्यतारा भरभर चढून आल्यावर साखर वाढलेली दिसू शकते. यकृत साखर सोडतं. त्यासाठी चालणं बंद करू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र काही तासांनी साखर घसरण्याचा धोका असतो, तिकडे लक्ष हवं.

सेन्सर चौदा दिवसांआधीच निघणं

दंडाची मागची बाजू स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. त्या दिवशी तेल, क्रीम नको. दिवाळीचं अभ्यंग करताना तेवढी जागा सोडा. ब्लाउजची घट्ट बाही सेन्सरच्या कडेवर येत असेल तर जागा थोडी वर घ्या. न वापरलेला सेन्सर मे महिन्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. लिब्रे या ब्रँडसारखा, फोन किंवा रीडर जवळ नेऊन स्कॅन करायचा सेन्सर ८ तासांचीच नोंद ठेवतो, म्हणून झोपण्याआधी आणि उठल्याबरोबर स्कॅन करा, नाहीतर रात्रीचा ग्राफ तुटतो.

डोस स्वतः बदलू नका. डॉक्टरांकडे जाताना अहवालातला ७० ते १८० मधला वेळ, म्हणजे साखर या पट्ट्यात किती टक्के वेळ राहिली ते दाखवा. बहुतेकांसाठी तो ७० टक्क्यांच्या वर आणि ७० खालचा ४ टक्क्यांच्या आत असावा. वयस्कर माणसांसाठी लक्ष्य वेगळं, सैल असतं. सोबत तुमची जेवणाची वहीही न्या.