प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावताना: किती, कशी आणि केव्हा

थर्मल पेस्ट प्रोसेसरला थंड ठेवते असे सर्रास म्हटले जाते, पण पेस्टमध्ये थंड करण्याचा असा कोणताही गुण नसतो. उष्णता बाहेर नेण्याचे खरे काम कूलरचा धातूचा तळ, त्यातील हीटपाइप, पातळ पाती आणि पंखा हे मिळून करतात. पेस्टचे काम त्याआधीचे आणि अगदी मर्यादित असते. प्रोसेसरचे धातूचे झाकण आणि कूलरचा तळ यांच्यामध्ये अडकलेली हवा हुसकून तिची जागा घेणे, एवढेच ते काम. हे एकदा नीट ध्यानात आले की पेस्ट किती घ्यावी, कशी लावावी आणि केव्हा बदलावी, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

डोळ्यांना आरशासारखे सपाट दिसणारे हे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात खडबडीत आणि किंचित बाकदार असतात. ते एकमेकांवर कितीही दाबले तरी काही उंचवट्यांवरच टेकतात आणि उरलेल्या फटींत हवा राहते. उष्णतावाहकता वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात मोजतात. तांब्याची वाहकता सुमारे ४००, हवेची सुमारे ०.०२६ आणि नेहमीच्या चांगल्या पेस्टची साधारण ४ ते १० च्या दरम्यान असते. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी सरस असली, तरी तांब्याच्या तुलनेत ती फारच मागे आहे.

एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, १० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळातून १०० वॅट उष्णता जात आहे आणि मधला थर ०.०५ मिलिमीटर जाडीचा आहे. हा थर ५ एकक वाहकतेच्या पेस्टचा असेल, तर त्याच्या दोन बाजूंच्या तापमानात सुमारे १ अंश सेल्सियसचा फरक पडेल. तेवढ्याच जाडीचा संपूर्ण थर हवेचा असता, तर हाच फरक १९० अंशांच्या पुढे गेला असता. मात्र पेस्टचाच थर ०.२ मिलिमीटर जाडीचा झाला, तर १ अंशाचे ४ अंश होतात. प्रत्यक्षात उष्णता झाकणाच्या सर्व भागांतून सारखी वाहत नाही, त्यामुळे हे आकडे अचूक नव्हेत. पण त्यांतून निघणारी दिशा पक्की आहे. पेस्ट हवीच, आणि तिचा थर शक्य तितका पातळ हवा. थर पातळ करण्याचे काम बोट किंवा पट्टी यांच्यापेक्षा कूलरचा दाब कितीतरी चांगले करतो.

पेस्टची निवड

बहुतेक पेस्ट सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारख्या पदार्थांची अतिशय बारीक पूड मिसळून केलेल्या असतात. त्या वीजवाहक नसतात, आणि पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने अशीच पेस्ट घ्यावी. वेष्टनावर छापलेल्या वाहकतेच्या आकड्यांवर फार विसंबू नये, कारण सगळे उत्पादक तो आकडा एकाच पद्धतीने मोजत नाहीत. दोन चांगल्या पेस्टमध्ये प्रत्यक्षात पडणारा फरक बहुधा थोड्याच अंशांचा असतो, आणि वाईट रीतीने लावलेली महागडी पेस्ट तो सहज घालवते.

लिक्विड मेटल या नावाने मिळणारे गॅलियमयुक्त मिश्रधातू उष्णता खरोखरच अधिक चांगली वाहून नेतात, पण त्यांतून वीजही वाहते. एक थेंब मदरबोर्डवर ओघळला तर शॉर्ट होऊ शकतो, आणि गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरत असल्याने ॲल्युमिनियमचा तळ असलेल्या कूलरला ते कधीही लावू नये. काही अंशांसाठी हा धोका पत्करण्याचे कारण सर्वसामान्य वापरात मला तरी दिसत नाही. खरेदी करताना आणखी एक गोष्ट पाहावी: थर्मल अ‍ॅडहेसिव्ह नावाने मिळणारा पदार्थ म्हणजे गोंद असतो. तो प्रोसेसरवर लावल्यास कूलर पुन्हा सुखरूप निघेलच असे नाही.

पेस्ट केव्हा बदलावी

कूलर ज्या ज्या वेळी प्रोसेसरपासून सुटतो, त्या त्या वेळी जुनी पेस्ट पुसून नवी लावलीच पाहिजे. कूलर उचलताना पेस्टमध्ये पोकळ्या तयार होतात, आणि तोच कूलर पुन्हा दाबला की त्यांत हवा कोंडते. याखेरीज ठरावीक मुदतीने पेस्ट बदलण्याची गरज नसते. डेस्कटॉपवर चांगली पेस्ट कित्येक वर्षे टिकते. खोलीचे तापमान आणि कामाचा भार पूर्वीइतकाच असताना प्रोसेसर स्पष्टपणे अधिक तापू लागला, तर संशय घ्यावा. मात्र तो आधी पात्यांत साचलेल्या धुळीवर घ्यावा, कारण पुष्कळदा खरा अपराधी धूळच असते आणि पेस्टला विनाकारण बोल लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी सध्याचे तापमान नोंदवून ठेवावे. त्यासाठी विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो आणि लिनक्सवर एलएम-सेन्सर्स यांसारखी साधने आहेत. सिनेबेंचसारख्या प्रोग्रॅमने प्रोसेसरवर पंधरा मिनिटे पूर्ण भार द्यावा, आणि तापमान, घड्याळगती (प्रोसेसर ज्या वेगाने काम करतो तो वेग) व खोलीचे तापमान हे तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. ही नोंद नसेल, तर नंतर सुधारणा झाली की नुसता भास झाला, हे सांगता येत नाही.

कूलर उतरवणे आणि जुनी पेस्ट पुसणे

संगणक बंद करून वीजपुरवठ्याची तार काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्यावी. अंगावरची स्थिर वीज घालवण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावावा. पंख्याची तार मदरबोर्डवरून सोडवावी आणि स्क्रू एकदम पूर्ण न काढता, समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे सैल करावेत.

येथे एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमधील (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेट त्यांना केवळ पकडून ठेवते. जुनी, घट्ट झालेली पेस्ट इतकी चिकटते की कूलर सरळ वर ओढल्यास प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि पिना वाकतात. म्हणून कूलर उतरवण्यापूर्वी संगणक काही मिनिटे चालवून पेस्ट कोमट व मऊ होऊ द्यावी. नंतर संगणक बंद करून, स्क्रू सोडवून, कूलर आहे त्याच जागी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवावा आणि पकड सुटल्याची जाणीव झाल्यावरच उचलावा. एएम५ आणि इंटेलच्या अलीकडच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर धातूच्या चौकटीखाली अडकवलेला असल्याने ही भीती राहत नाही, तरीही फिरवून उचलण्याची सवय चांगलीच.

पुसताना प्रोसेसर सॉकेटमधून काढू नये. सॉकेटमध्ये पेस्ट किंवा कापडाचा धागा गेला, तर तो काढणे हे मूळ कामापेक्षा मोठे काम होऊन बसते. आधी कोरड्या टिश्यूने जाड थर टिपून घ्यावा आणि मग तंतू न सुटणाऱ्या कापडावर ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन उरलेली पेस्ट पुसावी. अल्कोहोल कापडावर घ्यावे, प्रोसेसरवर ओतू नये. कडेकडून मध्याकडे पुसत गेल्यास पेस्ट बाहेर पसरत नाही. वाळून कडक झालेल्या जागी ओले कापड अर्धा मिनिट ठेवावे. ब्लेडने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. कूलरचा तळही तसाच स्वच्छ करावा. कापडावर करडा डाग उमटणे थांबले की काम झाले. त्यानंतर या दोन्ही पृष्ठभागांना बोट लावू नये.

पेस्ट लावणे

नेहमीच्या आकाराच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी झाकणाच्या बरोबर मध्यभागी ४ ते ५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे लहान वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. झाकण लांबट असेल, जसे इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत असते, तर लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ किंवा पातळ फुली अधिक सोयीची ठरते. थ्रेडरिपरसारख्या प्रशस्त प्रोसेसरवर एका ठिपक्याने भागत नाही; तेथे कूलरच्या माहितीपत्रकात दिलेली अनेक ठिपक्यांची रचना वापरावी. ठिपका की फुली यावर लोक हिरिरीने वाद घालतात, परंतु पेस्ट सर्वत्र पोहोचत असेल तर आकारामुळे पडणारा फरक नगण्य असतो. वीजवाहक नसलेली पेस्ट थोडी जास्त झाली तर दाबाखाली ती कडेने बाहेर येते, दिसायला ओंगळ दिसते, पण सहसा नुकसान करत नाही. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात. चुकायचेच असेल, तर किंचित जास्तीच्या बाजूने चुकावे.

नव्या कूलरच्या तळावर पारदर्शक संरक्षक फिल्म असते. ती आधी काढावी. ती तशीच राहिल्यामुळे तापलेले प्रोसेसर हा नेहमी आढळणारा प्रकार आहे. कूलरवर कारखान्यातूनच करड्या पेस्टचा पट्टा लावून आला असेल, तर त्यावर वेगळी पेस्ट लावू नये.

कूलर सरळ वरून, समांतर खाली आणून टेकवावा. टेकल्यावर तो पुन्हा उचलू नये. उचललाच तर सारे पुसून नव्याने सुरुवात करावी. स्क्रू कर्णाच्या क्रमाने, म्हणजे एक झाल्यावर त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला, असे प्रत्येकी दोन-तीन फेरे देत आवळावेत. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला, तर कूलर तिरका बसतो, पेस्ट एका बाजूला ढकलली जाते आणि दुसऱ्या बाजूला जाड थर राहतो. स्क्रू आपोआप थांबतो तेथे थांबावे. शेवटी पंख्याची तार सीपीयू फॅन असे लिहिलेल्या जागी जोडायला विसरू नये.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने पेस्ट थोडी अधिक खर्ची पडली तरी चालेल, पण कूलर एकदा बसवून, पुन्हा उतरवून ठसा पाहावा. ठशाइतके दुसरे काही शिकवत नाही. जेथे दाब पुरेसा असतो तेथे पेस्ट इतकी पातळ होते की तिच्याखालची धातूची झळाळी दिसते. जेथे ती जाड, एकसारखी करडी राहिली आहे तेथे दाब कमी पडला आहे. आणि जेथे झाकण कोरडे आहे तेथे पेस्टच पोहोचलेली नाही. मधला भाग पातळ आणि कडा किंचित जाड, हा ठसा उत्तम. ठसा पाहून झाल्यावर सर्व पुसून पेस्ट पुन्हा लावावी.

तपासणी

संगणक सुरू करून प्रथम बायोसमध्ये, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जावे. तेथे तापमान काही सेकंदांतच ८०-९० अंशांकडे झेपावू लागले, तर लगेच बंद करावे. फिल्म राहिली आहे, एखादा स्क्रू बसलेला नाही किंवा पंखा अथवा पाण्याच्या कूलरचा पंप फिरत नाही, यांपैकीच बहुधा काहीतरी असते. सर्व ठीक असल्यास पूर्वीचीच पंधरा मिनिटांची चाचणी घेऊन नोंदीशी तुलना करावी, आणि दोन्ही वेळच्या आकड्यांतून खोलीचे तापमान वजा करावे.

एका बाबतीत मात्र आकडा फसवतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांच्या मर्यादेपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, आणि इंटेलच्या अलीकडच्या वरच्या श्रेणीतील प्रोसेसरही मुभा मिळाल्यास १०० अंशांना भिडतात. उष्णता अधिक चांगली निघू लागली, की असा प्रोसेसर तापमान उतरवण्याऐवजी आपली गती वाढवतो. अशा वेळी तापमान तेच राहिले म्हणून निराश होऊ नये. घड्याळगती वाढली आहे का, ते पाहावे.

लॅपटॉपचे वेगळेपण

लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते. पेस्ट थेट सिलिकॉनच्या चिपवर बसते. क्षेत्रफळ खूपच लहान असल्याने वरचा हिशेब येथे अधिक कठोर होतो. दीड चौरस सेंटिमीटरमधून ४५ वॅट जात असतील, तर ०.०५ मिलिमीटरच्या थराने ३ अंशांचा आणि ०.२ मिलिमीटरच्या थराने १२ अंशांचा फरक पडतो. त्यात सिलिकॉन आणि तांबे तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे गरम-थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत पातळ पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते आणि काही महिन्यांत मध्यभाग उघडा पडू शकतो. म्हणून येथे घट्टसर पेस्ट घ्यावी, किंवा हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखी, सुमारे ४५ अंशांवर मऊ होणारी चकती वापरावी. पेस्ट घेतल्यास चिपचा प्रत्येक कोपरा झाकला जाईल असा पातळ थर पट्टीने पसरवून घेणे येथे योग्य ठरते. झाकण नसलेली चिप कोपऱ्यावर दाब पडल्यास टवका उडण्याइतकी ठिसूळ असते, म्हणून स्क्रूंजवळ छापलेला क्रमांकांचा क्रम काटेकोरपणे पाळावा, आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी.

शेजारच्या मेमरी चिपवर असलेले मऊ थर्मल पॅड फाटले, तर त्यांच्या जागी पेस्ट भरू नये. तेथील फट मिलिमीटरच्या घरात असते आणि ती पेस्टने भरून निघत नाही. त्याच जाडीचे नवे पॅड आणावे लागते.

उरलेली पेस्ट टोपण घट्ट लावून थंड, कोरड्या जागी ठेवावी. दीर्घकाळ पडून राहिलेल्या नळीतून आधी नुसते तेल बाहेर येते. तेवढे कागदावर काढून टाकावे, आणि त्यामागून येणारी पेस्ट कोरडी व भरभरीत असेल तर नळी टाकून द्यावी.