ओपनकास्ट कुठे थांबवायची? खाण नियोजनात येणाऱ्या नवख्यांसाठी

मायनिंगची पदवी घेऊन प्लॅनिंग विभागात आलेली मुलं पहिल्या आठवड्यातच सॉफ्टवेअर मागतात. सर्पॅक, डेटामाइन शिकालच. त्याआधी कागदावर एक गणित सोडवा. खनिजाचा थर तिरका खोल गेलाय, वरून ओपनकास्ट (उघड्या खड्ड्याची खाण) चालू आहे. ती कुठे थांबवून अंडरग्राउंड घ्यायची?

आकडे सोपे धरू. अंडरग्राउंडचा टन 2000 रुपयांना पडतो, ओपनकास्टचा 400 ला, आणि वरचा दगड हटवायला टनामागे 200. फरक 1600, भागिले 200, म्हणजे 8. एक टन खनिजासाठी आठ टन दगड उपसणं परवडतं. (अंडरग्राउंडला छताच्या आधारासाठी सोडलेल्या पिलरमध्ये माल अडकतो, तो धरला की हा आकडा थोडा वर सरकतो.) इथवर सगळ्यांना जमतं. घोटाळा पुढे होतो. अख्ख्या खाणीचा स्ट्रिपिंग रेशो (टन खनिजामागे किती टन दगड) 5 दिसला की वरचे साहेब म्हणतात, अजून खोल जाऊ. पण ही झाली सरासरी. शेवटच्या पुशबॅकचा (खड्डा रुंद-खोल करण्याच्या शेवटच्या टप्प्याचा) रेशो वेगळा काढा, 11 सुद्धा निघेल. आधीच्या स्वस्त टनांच्या आड तो तोटा लपलेला असतो. मीटिंगमध्ये तो आकडा मागायला कचरू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. राजस्थानातली रामपुरा आगुचा ही जस्ताची खाण जरूर अभ्यासा. ओपनकास्ट 1991 ला सुरू झाली, 2018 मध्ये थांबली; पण खालच्या डिक्लाइनचं (तिरक्या उतरत्या बोगद्याचं) काम त्याच्या कितीतरी वर्षं आधीच हाती घेतलं होतं. मधल्या काळात वर ब्लास्टिंग, खाली माणसं, आणि दोघांमध्ये फक्त क्राउन पिलर, म्हणजे न खोदता सोडलेला खडकाचा थर. पावसाळ्यात वरचा खड्डा म्हणजे खालच्यांच्या डोक्यावरचं तळंच, त्यामुळे पंपिंगचा आराखडाही दोन्ही खाणींचा मिळून एकच हवा.

आपल्या चंद्रपूर-वणी भागात गंगा उलटी वाहते. जुन्या अंडरग्राउंड खाणींत उभे राहिलेले कोळशाचे पिलर आता वरून ओपनकास्टने काढतात. जुन्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. बेंचवर (खाणीच्या पायरीवर) मशीन नेण्याआधी ड्रिल मारून गॅलरी (जुना बोगदा) नेमकी कुठे आहे ते पक्कं करतात. रॉड अचानक हलका होऊन खाली गेला की समजायचं, पोकळी लागली. हवा लागून जुना कोळसा तापतो, म्हणून बारूद भरण्याआधी होलचं तापमान बघतात. 80 अंशांच्या वर गेलं तर भरायची नाही. पोकळ्या किती जवळ असतात, ते घुग्घुसला 2022 मध्ये एक घर जमिनीत गेलं तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं.

करिअरचं म्हणाल तर सुरुवातीची वर्षं अंडरग्राउंडला काढा, घरचे कितीही ओरडले तरी. फक्त ओपनकास्टच्या अनुभवावर डीजीएमएसचं (खाण सुरक्षा महासंचालनालयाचं) मॅनेजर सर्टिफिकेट रिस्ट्रिक्टेड मिळतं, आणि ते असलेल्या माणसाला मिश्र खाणीची जबाबदारी देता येत नाही.