मध्यम एसयूव्हीमागे ट्रॅव्हल ट्रेलर निवडताना या चुका टाळा

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचा ठरला की बहुतेक जण एकच आकडा पाठ करून विक्रेत्याकडे जातात: आपली गाडी किती किलो ओढते. माहितीपत्रकात 2,268 किलो, म्हणजे 5,000 पाउंड, लिहिलेलं असतं. ट्रेलरच्या पत्रकावर 1,500 दिसतं. वजाबाकी केली की भरपूर हात राखून आहोत असं वाटतं आणि सौदा होतो. पण मध्यम एसयूव्हीच्या बाबतीत ओढण्याची क्षमता सहसा आधी संपतच नाही. आधी संपतो पेलोड, म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर पेलायचं वजन. म्हणून ट्रेलरची निवड पेलोडपासून सुरू करा. उलट्या टोकापासून सुरू केलेला हिशोब पहिल्याच लांब चढावर किंवा पहिल्याच आडव्या वाऱ्यात कोलमडतो, आणि त्या वेळी गाडीत घरची माणसं बसलेली असतात.

रिकाम्या वजनावर भुलणं

पत्रकातलं ठळक वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात पाणी, सामान तर नसतंच, पण अनेकदा बॅटरी, गॅसचे सिलिंडर आणि नंतर बसवलेला एसी किंवा दारावरची कापडी छत्रीही धरलेली नसते. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे 120 लिटरची टाकी भरली की 120 किलो तिथेच गेले. नऊ किलो गॅसचा पोलादी सिलिंडर भरलेला असताना साधारण 17 किलोचा होतो, आणि असे दोन लागतात. लेड-ॲसिड बॅटरी 20-25 किलोची. त्यावर भांडी, अंथरुणं, खुर्च्या, पाण्याचे पाइप, चाकांखाली लावायचे ठोकळे, किराणा, कपडे. चौघांच्या सहलीत तीनशे किलो कधी भरले ते कळतही नाही.

तेव्हा रिकामं वजन बाजूला ठेवा आणि ट्रेलरच्या पाटीवरचं कमाल भरलेलं वजन धरा. जाता जाता या दोन आकड्यांतला फरकही बघा. तो जेमतेम दोनशे किलो असेल तर तो ट्रेलर कुटुंबासाठी नाही. गाडी त्याला ओढेलही, पण ट्रेलरचा स्वतःचा ॲक्सल आणि टायर मर्यादेबाहेर जातील.

पेलोडचा हिशोब न करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

ट्रेलरची पुढची दांडी हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, बॉलवर जो भार खाली टाकते त्याला टंग वेट म्हणतात. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये तो भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो. हा भार गाडी ओढत नाही, पेलते. तो माणसं आणि सामानासारखाच पेलोडमधून वजा होतो.

एक उदाहरण करून बघू. गाडीचा पेलोड 600 किलो. ट्रेलर पूर्ण भरल्यावर 1,900 किलोचा, म्हणजे 2,268 च्या मर्यादेत आरामात बसणारा. 12 टक्क्यांनी टंग वेट आलं 228 किलो. वजन वाटणारा, म्हणजे हा भार पुढच्या चाकांकडेही वाटून देणारा, हिच लावला तर त्याचे साधारण 40. दोन मोठे आणि दोन वाढत्या वयाची मुलं मिळून 280. डिकीत शीतपेटी, पिशव्या, छोटा जनरेटर असे 70. बेरीज 618. ओढण्याच्या हिशोबात अजून 368 किलो शिल्लक, आणि गाडी मात्र मर्यादेच्या 18 किलो बाहेर.

पेलोडचा आकडा संकेतस्थळावरून घेऊ नका. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर टायर आणि भाराची माहिती देणारं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर त्या विशिष्ट गाडीपुरतं लिहिलेलं असतं. छताची पॅनोरमिक काच, तिसरी रांग, मोठी चाकं असली की हा आकडा घटतो, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत बराच फरक निघू शकतो. या आकड्यात चालकाचं वजनही मोजायचं असतं. युरोपीय कागदपत्रांत मात्र गाडीच्या चालू स्थितीतल्या वजनात 75 किलोचा चालक आधीच धरलेला असतो. कुठला कागद वाचताय ते बघून हिशोब करा.

आता यातली कमी बोलली जाणारी गोष्ट. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथला भार तरफेसारखा काम करतो. पुढच्या-मागच्या चाकांत 2.85 मीटर अंतर आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून 1.2 मीटर मागे असेल, तर वरचे 228 किलो मागच्या ॲक्सलवर सुमारे 324 किलो होऊन पडतात आणि पुढच्या चाकांवरून 96 किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागणं, हेडलाइटचा झोत वर जाणं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरल्यासारखी वाटणं हे सगळं त्या 96 किलोंचं काम. म्हणून एकूण पेलोडइतकीच मागच्या ॲक्सलची मर्यादाही तपासा. तीही दरवाजाजवळच्या पाटीवर असते.

मॉडेलचं नाव बघून क्षमता गृहीत धरणं

"माझी गाडी पाच हजार पाउंड ओढते" हे वाक्य अर्धवट आहे. अलीकडच्या होंडा पायलटचंच बघा: अमेरिकी बाजारात चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्तीला 2,268 किलो, फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीला 1,588. टोयोटा हायलँडरची पेट्रोल आवृत्ती 2,268 आणि हायब्रिड 1,588. गाडी तीच दिसते, पण गिअरबॉक्सचा कूलर, रेडिएटर किंवा वायरिंग वेगळं असू शकतं. कारखान्यातून टोइंग पॅकेज, म्हणजे ओढण्यासाठीची ही जास्तीची सामग्री, आलेलं नसेल तर नंतर नुसता हिच बसवून क्षमता वाढत नाही. हिच, बॉल आणि बॉलमाउंट (बॉल ज्यावर बसतो ती दांडी) यांनाही स्वतःच्या मर्यादा असतात. सगळ्यांत लहान आकडा असेल तोच तुमचा.

हा आकडा कसा काढतात तेही माहीत असू द्या. अमेरिकी कंपन्या बहुतांशी एसएई जे2807 हे मानक वापरतात. त्यात गाडीत 68 किलोची दोनच माणसं धरतात आणि एरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब चढावर एसी चालू ठेवून गाडी ठरावीक वेग राखते का ते बघतात. म्हणजे चाचणी कठोर आहे, पण तिच्यात तुमची मुलं, कुत्रा आणि सायकली नाहीत.

पहिल्यांदाच ट्रेलर घेणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये एक जुना सल्ला आहे: भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांपेक्षा जड नको. दोन टनांच्या एसयूव्हीला हा आकडा 1,700 किलो येतो. तो कायदा नाही, पण मला तो पटतो. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबालाही तो बरोबर जागी आणून ठेवतो: 1,700 च्या 12 टक्क्यांनी टंग वेट 204 होतं आणि बेरीज 594 वर येते.

वजन बघणं आणि उंची विसरणं

महामार्गावर इंजिन वजनापेक्षा हवेशी जास्त झगडतं. साधारण एसयूव्ही 1.8 मीटर उंच आणि जेमतेम दोन मीटर रुंद. तिच्यामागे तीन मीटर उंच, 2.4 मीटर रुंद सपाट भिंत जोडली की हवेला अडवणारं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी 90 वरून 105 किलोमीटरवर गेलात तर सुमारे 36 टक्क्यांनी. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलरचं समोरचं क्षेत्रफळ किती चालेल याचीच मर्यादा दिलेली असते, आणि ते पान फारसं कुणी उघडत नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा मुद्दा पहिला धरा, कारण उंच ट्रेलर जोडल्यावर एका चार्जिंगमधलं अंतर निम्म्यावर येऊ शकतं. सारख्याच वजनाच्या दोन ट्रेलरांत मी गोलसर नाकाचा, अरुंद किंवा छत खाली घेता येणारा निवडा असंच सांगेन, आत उभं राहायला जागा थोडी कमी मिळाली तरी.

आराखड्यात वजन कुठे आहे ते न बघणं

स्वयंपाकघर मागच्या भिंतीला, पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे, आणि वर मागच्या बंपरवर सायकली: हा आराखडा दिसायला छान, चालवायला त्रासाचा. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं, तसंच इथे दांडीवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर डुलायला लागतो. वेग वाढला की हेलकावे वाढत जातात आणि ठरावीक वेगापुढे ते आपोआप शमत नाहीत. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी चाचण्या घेऊन दाखवलं की स्थैर्यावर सगळ्यात मोठा परिणाम दांडीवरच्या भाराचा, ॲक्सलच्या जागेचा आणि वजन दोन टोकांना किती विखुरलं आहे याचा होतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा परिणाम त्यामानाने कमी. म्हणून हलका ट्रेलर म्हणजे सुरक्षित ट्रेलर असं समजू नका. जड वस्तू ॲक्सलच्या आसपास आणि तळाशी बसतील असा आराखडा शोधा.

युरोपात बॉलवरच्या भाराची मर्यादा अनेक गाड्यांना 75 ते 100 किलो असते, कारण तिथले ट्रेलर बॉलवर कमी भार टाकतील असे बनवतात आणि ओढण्याचे वेगही कमी असतात. जर्मनीत वेगळी मान्यता नसेल तर ताशी 80. त्यामुळे एका खंडातल्या गाडीला दुसऱ्या खंडातल्या ट्रेलरचे नियम लावून चालत नाही.

हिच आणि ब्रेकबद्दलचे दोन गैरसमज

वजन वाटणारा हिच पुढच्या चाकांवरून उचललेला भार काही प्रमाणात परत आणतो, पण गाडीची कुठलीही मर्यादा वाढवत नाही. काही कंपन्या तो वापरायला मनाई करतात, म्हणून आधी पुस्तिका वाचा. दुसरं, "गाडीचे ब्रेक चांगले आहेत" हे उत्तर नव्हे. युरोपात 750 किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीत ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर हवा, तोही गाडी जितकी जोरात थांबेल तितकाच जोर ट्रेलरला देणारा. निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत ताशी तीसच्या वेगाला कंट्रोलरची कळ हाताने दाबून बघा. ट्रेलरने मागे खेचल्याचं स्पष्ट जाणवलं पाहिजे आणि चाकं मात्र जाम होता कामा नयेत.

ट्रेलर घेऊन झालाय आणि काहीतरी खटकतंय?

आधी सगळं सामान, पाणी आणि माणसं घेऊन ट्रकच्या वजनकाट्यावर जा. गाडीचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरची चाकं यांची वेगवेगळी वजनं घ्या, मग ट्रेलर सोडून नुसती गाडी मोजा. दोन्ही वेळच्या गाडीच्या वजनातला फरक म्हणजे टंग वेट, फक्त वजन वाटणारा हिच असेल तर त्याच्या दांड्या पहिल्या मोजणीच्या वेळी सोडून ठेवा. या कागदाशिवाय पुढची सगळी दुरुस्ती अंदाजपंचे होते.

ट्रेलर डुलत असेल तर पहिला संशय शेपटाकडच्या वजनावर घ्या. मागच्या कपाटातलं जड सामान पुढे आणा, सायकली काढा, टाकी कुठे आहे ते बघून ती भरायची की रिकामी ठेवायची ते ठरवा. नंतर टायरमधली हवा, मग हिचची उंची: ट्रेलर सपाट किंवा नाकाकडे किंचित खाली झुकलेला हवा. डुलणं थांबवणारी घर्षणाची दांडी त्यानंतर लावा, कारण चुकीचा भार तिने लपतो, सुधारत नाही. रस्त्यात हेलकावे सुरूच झाले तर स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडीचा ब्रेक मारू नका आणि कंट्रोलरच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा. वेग वाढवून ट्रेलर "ताणून सरळ" करायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका.

चढावर तापमानाचा काटा वर सरकत असेल तर खालचा गिअर धरा आणि वेग सोडून द्या. उंचीवर टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. दहा हजार फुटांवर जवळजवळ तीस टक्के गेलेली असते, आणि समुद्रसपाटीवर पुरेसा वाटलेला ट्रेलर तिथे जड होतो. थांबाल तेव्हा ट्रेलरच्या चाकांच्या हबजवळ हात नेऊन बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप तापला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि काट्यावरचा कागद थोडक्यात मर्यादेबाहेर असेल, तर ट्रेलर बदलण्याआधी पाणी मुक्कामावर भरा आणि जनरेटर घरी ठेवा. डिकीतलं सामान ट्रेलरमध्ये ॲक्सलच्या वर हलवता येतं का तेही बघा, पण ट्रेलरची कमाल मर्यादा सांभाळून. वीस-तीस किलोंचा प्रश्न असा सुटतो. शंभर किलोंचा सुटत नाही, तिथे लहान ट्रेलर किंवा मोठी गाडी एवढेच दोन मार्ग उरतात.